पल्स रेडिओलिसिसमधले वेगस्थिरांक: मोजताना आणि कोष्टकातून उचलताना या चुका टाळा

पल्स रेडिओलिसिस म्हणजे पाण्यावर इलेक्ट्रॉनांचा क्षणभराचा झोत (पल्स) सोडून रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अल्पायुषी कण, तयार करायचे आणि त्यांच्या अभिक्रियांचा वेग प्रकाशशोषणावरून मोजायचा. त्या वेगाचा आकडा म्हणजे वेगस्थिरांक. पाण्यातल्या रॅडिकलांचे वेगस्थिरांक शोधणारा माणूस बहुतेक वेळा एकाच दारी पोचतो. ते दार म्हणजे अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या रेडिएशन लॅबोरेटरीचं डेटा सेंटर. त्याच्या सहभागाने तयार झालेल्या १९८८ सालच्या समीक्षेत जलयोजित इलेक्ट्रॉन (पाण्याच्या रेणूंनी वेढलेला इलेक्ट्रॉन), हायड्रोजन अणू आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल यांच्या ३५००हून अधिक अभिक्रिया आहेत. या कामात आकडे गोळा करणं सोपं, पारखणं कठीण. एखाद्या संदर्भ अभिक्रियेचा (जिच्याशी तुलना करून बाकीचे आकडे काढतात तिचा) वेग पुढे सुधारला गेला, की त्यावर बेतलेला प्रत्येक जुना आकडा नव्याने काढावा लागतो. म्हणून त्या कोष्टकांत आकड्याशेजारी पीएच, पद्धत आणि टिपणी यांचे रकाने असतात. वापरणारा आकडा तेवढा उचलतो, शेजारचे रकाने सोडतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

खाली सगळे वेगस्थिरांक (के) प्रति मोलर प्रति सेकंद या एककात आहेत.

के की २के?

सगळ्यात जास्त फसवणारी जागा ही. रॅडिकल स्वतःशीच जुळतं तेव्हा काही लेखक के देतात, काही २के. दोन हायड्रॉक्सिल रॅडिकलांच्या अभिक्रियेचा के ५.५ अब्ज आहे, म्हणजे २के ११ अब्ज. दोन्ही आकडे साहित्यात सापडतात आणि दोन्ही बरोबर आहेत. सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमला यांपैकी कोणता हवा, हे त्याच्या समीकरणावरून आधी ठरवा. क्षयाचा वेग 'वजा २के गुणिले संहतीचा वर्ग' असा लिहिलेला असेल तर के द्या. तिथे २के टाकला तर रॅडिकल दुप्पट वेगाने मरतील आणि आलेख प्रयोगाशी कधीच जुळणार नाही.

डोसिमीटरचा गुणक

थायोसायनेट डोसिमीटरमध्ये (पल्सने द्रावणाला किती ऊर्जा, म्हणजे डोस, दिली ते मोजणाऱ्या द्रावणात) १० मिलिमोलर पोटॅशियम थायोसायनेट घेऊन ४७५ नॅनोमीटरला शोषण मोजतात. द्रावण ऑक्सिजनने संपृक्त असेल तर जी (ज्यूलमागे किती रॅडिकल तयार होतात) आणि एप्सिलॉन (मोलमागे ते किती प्रकाश शोषतात) यांचा गुणाकार २.६×१०⁻⁴ चौरस मीटर प्रति ज्यूल धरायचा. नायट्रस ऑक्साइडने संपृक्त असेल तर ५.२×१०⁻⁴. समजा, १ सेंटीमीटरच्या सेलमध्ये शोषण ०.०५० आलं. पहिल्या गुणकाने डोस सुमारे १९ ग्रे (किलोमागे ज्यूल) निघतो, दुसऱ्याने साडेनऊ. गुणक चुकला की डोस दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि त्यावर काढलेला प्रत्येक एप्सिलॉन व २केसुद्धा. वहीत डोसिमीटरपुढे कोणता वायू सोडला ते लिहिलं नसेल, तर त्या दिवसाचा डोस पुन्हा मोजलेला बरा.

जुन्या निबंधांत जी मूल्य दर १०० इलेक्ट्रॉनव्होल्टला दिलेलं असतं. त्याला ०.१०३६ने गुणलं की मायक्रोमोल प्रति ज्यूल मिळतं. जलयोजित इलेक्ट्रॉनचं २.७ म्हणजे ०.२८.

रॅडिकल जास्त, द्रव्य कमी

छद्म-प्रथमश्रेणी (अभिक्रियेत द्रव्य जवळपास घटतच नाही असं मानणं) गृहीत धरायची तर द्रव्याची, म्हणजे ज्याच्याशी रॅडिकलचा वेग मोजायचा त्या पदार्थाची, संहती रॅडिकलच्या किमान दहापट हवी. नायट्रस ऑक्साइडच्या द्रावणात १० ग्रे डोसला सुमारे ६ मायक्रोमोलर हायड्रॉक्सिल तयार होतं, तेव्हा द्रव्य ६० मायक्रोमोलरच्या वरच ठेवा. एवढ्यावर भागत नाही. हे ६ मायक्रोमोलर हायड्रॉक्सिल आपसातच सुरुवातीला सेकंदाला ६६ हजार या वेगाने संपत असतं. द्रव्याचा के ५ अब्ज आणि संहती १०० मायक्रोमोलर असेल तर वेग सेकंदाला ५ लाख येतो, चालून जातं. पण के फक्त १ कोटी असेल तर १ मिलिमोलर द्रव्यालाही वेग जेमतेम १० हजार. म्हणजे आपण द्रव्याची अभिक्रिया मोजतच नाही, रॅडिकलांची आपसातली मोजतो. अशा वेळी डोस उतरवा, द्रव्य वाढवा, नाहीतर स्पर्धा पद्धतीकडे (ज्ञात वेगाच्या दुसऱ्या द्रव्याशी शर्यत लावून वेग काढणं) वळा.

थोडासा ऑक्सिजन उरला तर काय होतं?

जलयोजित इलेक्ट्रॉनशी ऑक्सिजनचा वेगस्थिरांक १९ अब्ज आहे. हवेने संपृक्त पाण्यात सुमारे २५० मायक्रोमोलर ऑक्सिजन असतो. त्यातला नुसता एक टक्का उरला तरी सेकंदाला ४७ हजारांचा जादा क्षय मिळतो. वेग आणि संहती यांच्या आलेखावर तो वर सरकलेल्या छेदाच्या (रेषा उभ्या अक्षाला मिळते त्या बिंदूच्या) रूपाने दिसतो. उतार सहसा तसाच राहतो, म्हणून बरेच जण छेदाकडे काणाडोळा करतात. मात्र मोजणीगणिक गळती कमीजास्त होत असेल तर उतारही बिघडतो. सेल भरण्याआधी आर्गॉन किंवा नायट्रोजन २० ते ३० मिनिटं सोडा, नळी काचेची किंवा धातूची घ्या. सिलिकॉनच्या नळीतून ऑक्सिजन सहज आत येतो.

याचाच जुळा भाऊ हायड्रोजन पेरॉक्साइड. तेच द्रावण पल्समागून पल्स वापरलं तर १० ग्रेच्या प्रत्येक पल्सला सुमारे ०.७ मायक्रोमोलर पेरॉक्साइड साठतं. इलेक्ट्रॉनशी त्याचा के ११ अब्ज. दहा पल्सनंतर ७ मायक्रोमोलर, म्हणजे सेकंदाला ७७ हजार. क्षय पल्सगणिक वेगवान होत गेला तर दुसरीकडे कारण शोधत बसू नका, द्रावण बदला.

टर्शरी ब्युटेनॉल सगळं टिपत नाही

हायड्रॉक्सिल काढून टाकायला ते ०.१ ते ०.५ मोलर घालतात. हायड्रॉक्सिलशी त्याचा के ६० कोटी आहे, काम चोख होतं. हायड्रोजन अणूशी मात्र के जेमतेम १ लाख ७० हजार. सुमारे ०.०६ मायक्रोमोल प्रति ज्यूल इतके हायड्रोजन अणू द्रावणात तसेच राहतात आणि तुमच्या द्रव्याला भिडतात. वर्णपटात कारण न कळणारा खांदा दिसला तर आधी हे तपासा.

पीएच आणि बफर

आम्ल करायला हायड्रोक्लोरिक वापरू नका. आम्लात क्लोराइड हायड्रॉक्सिलला पकडतं आणि ३४० नॅनोमीटरच्या आसपास क्लोरीनचं रॅडिकल आयन दिसू लागतं. परक्लोरिक आम्ल घ्या. ट्रिस आणि हेपिस हे बफर (पीएच स्थिर राखणारी द्रव्यं) हायड्रॉक्सिलशी झपाट्याने अभिक्रिया करतात, फॉस्फेट बरं. अल्कधर्मी द्रावणात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून कार्बोनेट होतं, त्याचा हायड्रॉक्सिलशी के ३९ कोटी आहे. पीएच ११.९ला हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन निम्मा सुटलेला असतो, म्हणून पीएच ७चा आकडा १३ला चालवू नये. उलट बाजूला, पीएच ३ला जलयोजित इलेक्ट्रॉन जवळपास ४३ नॅनोसेकंदांत हायड्रोजन अणू होतो. अशा द्रावणात मोजलेला 'इलेक्ट्रॉनचा' वेग फारच सांभाळून वाचावा.

आयनिक तीव्रता

इलेक्ट्रॉन आणि फेरीसायनाइड यांच्या भारांचा गुणाकार अधिक ३ येतो. वेगस्थिरांकाचा लॉगॅरिदम साधारणपणे १.०२ गुणिले भारांचा गुणाकार गुणिले √आ/(१+√आ) इतका बदलतो. इथे आ म्हणजे आयनिक तीव्रता, द्रावणातल्या आयनांच्या संहतीचं आणि भारांचं एकत्रित माप. ती ०.१ मोलर असेल तर आकडा शून्य तीव्रतेच्या तुलनेत पाचपटीहून जास्त वाढतो. बफर सहज म्हणून घातलेला असतो, आणि आकडा पाचपट हलतो! कोष्टकातला आकडा शून्य तीव्रतेला नेलेला आहे की नाही, हे टिपणीत पाहा.

स्पर्धा पद्धतीचा संदर्भ

थायोसायनेटशी हायड्रॉक्सिलचा के ११ अब्ज धरतात. जुन्या निबंधात वेगळा आकडा धरलेला असेल तर निकालाला नवा संदर्भ भागिले जुना संदर्भ, या गुणोत्तराने गुणा. तुमच्या द्रव्यातून बनणारं रॅडिकल ४७५ नॅनोमीटरला शोषत असेल तर के प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. थायोसायनेटशिवायचं द्रावण त्याच डोसला चालवून त्या शोषणाचा वाटा आधी वजा करा.

एखादा के ३० अब्जांवर गेला तर आधी संहती आणि विरलीकरण तपासा, कारण तटस्थ द्रव्याशी हायड्रॉक्सिल विसरणाच्या (कण पाण्यातून भटकत एकमेकांना भेटण्याच्या) मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही.

महाराष्ट्रातही हे काम होतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि पुणे विद्यापीठाच्या फ्री रॅडिकल संशोधन केंद्रात ७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या लिनॅकवर (इलेक्ट्रॉनांच्या रेषीय त्वरकावर) पल्स रेडिओलिसिस केलं गेलं आहे. तिथला किंवा कुठलाही निकाल कोष्टकात नीट बसायचा असेल तर निबंधात पल्समागे डोस, डोसिमीटर व त्याचा गुणक, वायू, पीएच, आयनिक तीव्रता, तापमान, के की २के आणि संदर्भाचा धरलेला आकडा, हे सगळं लिहा. संदर्भाचा आकडाच लिहिला नसेल तर उद्या तो सुधारल्यावर तुमचा निकाल दुरुस्त करायची सोय कुणालाच उरत नाही.