मेकॅनिक म्हणतो ब्रेकची डिस्क बदला, तेव्हा

‘डिस्क गंजलीय, बदलावी लागेल,’ असं गॅरेजवाला म्हणाला की लगेच मान डोलवू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत, त्यात पावसाळा असला तर, रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, तांबूस गंज चढतोच. चार-पाचदा ब्रेक दाबले की डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅडच तो घासून काढतात. खड्डे पडले असतील किंवा नखाला लागतील अशा चरा असतील तर गोष्ट वेगळी. तरीही जाडी मोजून दाखवायला सांगा. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो.

पॅडसाठीही चाक काढायला लावा. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० मिमी असतं. ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. एकाच चाकाचा आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड दिसला, तर बहुधा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना अडकल्यात. त्या साफ न करता नुसते पॅड विकणारा मला भेटलाय. सहा महिन्यांत पुन्हा तेच!

ब्रेक ऑइल मात्र दोनेक वर्षांनी बदला म्हणणारा लुबाडत नाही. ते ओलावा शोषतं, आणि आंबा घाट उतरताना तापून उकळलं तर पेडल पोकळ जातं.

जुने भाग परत मागून घ्या.

पेडल आधीच खाली जात असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर दुसरं मत घ्यायलाही गाडी चालवत नेऊ नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा.