सुपरहिरो कॉमिक्स वाचताना या चुका टाळा: अंकाच्या आकड्यावर जाऊ नका, लेखकाचा माग काढा

मुखपृष्ठावर मोठा १ दिसला की कथा तिथूनच सुरू होते, हा समज आधी सोडा. पहिला अंक नेहमी जास्त खपतो, म्हणून मार्व्हल आणि डीसी दोघेही मालिकेला पुन्हा पुन्हा नवा क्रमांक देतात, कधीकधी चालू कथा अर्ध्यावर असतानासुद्धा. 'डेअरडेव्हिल'चंच बघा. लेखक चिप झडार्स्की आणि चित्रकार मार्को चेकेटो यांनी ही मालिका २०१९ मध्ये सुरू केली. छत्तिसाव्या अंकाला ती थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा १ पासून निघाली. लेखक तोच, चित्रकार तोच, कथा मागून पुढे चालू. त्यामुळे २०२२चा पहिला अंक घेऊन बसलेल्या वाचकाला पहिल्या दहा पानांतच प्रश्न पडतात: एलेक्ट्रा डेअरडेव्हिलच्या पोशाखात का आहे? किंगपिनचं असं काय झालंय की सगळे त्याच्याबद्दल एवढं बोलतायत? मग 'लेखन गोंधळाचं आहे' असं म्हणून अंक बाजूला पडतो. खरं तर मार्व्हलच्या अलीकडच्या सर्वांत घट्ट विणलेल्या कथांपैकी ही एक आहे.

तिचा क्रम असा लावा: २०१९च्या मालिकेचे १ ते ३६, मग 'डेव्हिल्स रेन'चे ६ अंक, त्याला समांतर 'वुमन विदाउट फिअर'चे ३, आणि शेवटी २०२२च्या मालिकेचे १ ते १४. 'डेव्हिल्स रेन' हा इव्हेंट, म्हणजे अनेक मालिकांत पसरलेली मोठी कथा, असल्यामुळे त्याला इतर बरेच टाय-इन, म्हणजे जोडकथा, जोडलेले आहेत. ते सोडले तरी मुख्य कथेला धक्का लागत नाही. इथे एक साधी कसोटी वापरा: इव्हेंटचा मुख्य लेखक ज्या टाय-इनवर आहे तेवढेच आधी वाचा. 'वुमन विदाउट फिअर' झडार्स्कीचंच आहे, म्हणून ते यादीत आलं. बाकीचे टाय-इन त्या त्या पात्राची आवड असेल तर वाचावेत.

मार्व्हलच्या मुखपृष्ठावर क्रमांकाजवळ बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, जुन्या-नव्या सगळ्या मालिका सलग मोजून आलेला. त्याला लेगसी क्रमांक म्हणतात. २०२२च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा सहावा अंक म्हणजे लेगसी क्रमांक ९००. संग्रह ओळीने लावायला हा आकडा चांगला. मात्र कथा कुठून सुरू होते हे तोही सांगत नाही. ते कळतं श्रेयपानावरून. लेखकाचं नाव ज्या अंकात बदललं, वाचन तिथून सुरू करायचं.

याची उलट बाजूही आहे. बॅटमॅनच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा आकडा हजाराच्या पुढे गेलेला बघून नवे वाचक बिचकतात. पण २०२२ मध्ये राम व्ही या लेखकाने अंक १०६२ पासून सूत्रं घेतली, आणि त्या कथेसाठी १०६२ हाच पहिला अंक. २०२४ मध्ये १०८९ला त्याची कथा संपली आणि १०९० पासून टॉम टेलर आला. १०६२ ते १०८९ हे अठ्ठावीस अंक म्हणजे स्वतंत्र कादंबरी समजा.

राम व्हीचं बॅटमॅन संथ वाटतं?

ही तक्रार सारखी ऐकू येते आणि बहुतेक वेळा चूक वाचण्याच्या पद्धतीत असते. राम व्हीचा जन्म मुंबईचा. 'द स्वॅम्प थिंग' लिहिताना त्याने लेवी कामेई हा भारतीय नायक उभा केला. बॅटमॅनवर आल्यावर त्याने कथा ऑपेराच्या घाटात बांधली. नाव 'गॉथम नॉक्टर्न', आधी ओव्हर्चर आणि मग एकामागून एक अंक, तेही नाटकातल्या अर्थाने. ऑर्घम घराणं गॉथममध्ये येतं आणि शहर हळूहळू त्यांच्या कह्यात जातं. महिन्याला वीस-बावीस पानं वाचली तर शेवटच्या पानापर्यंत फार काही घडलं नाही असं वाटणं साहजिक आहे, कारण इथे धक्का शेवटच्या चौकटीसाठी राखून ठेवलेला नसतो. ही कथा चार-पाच अंक एकत्र करून एका बैठकीत वाचा. सुरुवातीला नुसती वातावरणासाठी वाटलेली वाक्यं तिसऱ्या-चौथ्या अंकात परत येतात, आणि दोन वाचनांत महिनाभराचं अंतर नसेल तरच ती ओळखू येतात.

दुसरी चूक म्हणजे अंकाच्या मागची छोटी कथा गाळणं. सुरुवातीच्या अंकांत सायमन स्पुरियरने लिहिलेली माजी पोलीस आयुक्त गॉर्डनची कथा मागच्या पानांवर चालते, आणि मुख्य कथेत जे शहर वरून दिसतं ते इथे रस्त्यावरून दिसतं. ती गाळली तर गॉर्डनचा पुढचा प्रवास तुटक वाटतो.

एकाच नावाच्या दोन गोष्टी

ऑनलाइन मागवताना पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. डीसीचं 'अॅब्सोल्यूट' हे नाव दोन वेगळ्या गोष्टींना आहे. एक म्हणजे जुन्या गाजलेल्या कथांच्या मोठ्या आकाराच्या, खोक्यात येणाऱ्या महाग आवृत्त्या. दुसरी म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेलं नवं विश्व, ज्यात बॅटमॅन, वंडर वुमन, सुपरमॅन यांच्या कथा मुळापासून नव्याने लिहिल्या जातायत. नुसतं 'अॅब्सोल्यूट बॅटमॅन' शोधलं की 'हश' या जुन्या कथेची जाडजूड आवृत्ती समोर येऊ शकते. मागवण्याआधी लेखकाचं नाव बघा. नवी मालिका हवी असेल तर स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा ही दोन नावं दिसलीच पाहिजेत.

'अल्टिमेट स्पायडर-मॅन'चंही तसंच. २००० सालची मालिका ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांची, तिथला पीटर पंधरा वर्षांचा. २०२४ची जोनाथन हिकमन आणि चेकेटो यांची, तिथला पीटर तिशी ओलांडलेला, मेरी जेनशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, आणि शक्ती मिळते ती या वयात. विश्वही वेगळं आहे: जुनं १६१०, नवं ६१६०. नव्या विश्वात कथेतला महिना आणि आपला महिना बरोबरीने सरकतो. हे माहीत नसेल तर दोन अंकांच्या मध्ये काहीतरी सुटलंय असं वाटतं. सुटलेलं काही नसतं, मधले चार आठवडे त्या पात्रांच्याही आयुष्यात गेलेले असतात. मेकर हा खलनायक परत येण्याची उलटी मोजणी सगळ्या मालिकांत चालू राहते आणि हे विश्व २०२६ मध्ये संपणार हे २०२५ मध्येच जाहीर झालं. म्हणजे शेवट असलेली कथा वाचायला मिळते, आणि मोठ्या कंपन्यांच्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये ते फार क्वचित घडतं.

हिकमन वाचताना वाट चुकते ती कुठे

'हाऊस ऑफ एक्स' आणि 'पॉवर्स ऑफ एक्स' या एक्स-मेनच्या, २०१९च्या दोन मालिका प्रत्येकी सहा अंकांच्या. दुसऱ्या नावातला 'एक्स' हा रोमन दहा आहे, तो 'टेन' असा वाचायचा. एक मालिका पूर्ण संपवून दुसरी हातात घेणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. क्रम एकाआड एकही नाही. हाऊस १, पॉवर्स १, हाऊस २, मग पॉवर्स २ आणि ३ लागोपाठ, मग हाऊस ३ आणि ४ लागोपाठ, आणि पुढे पॉवर्स ४, हाऊस ५, पॉवर्स ५, हाऊस ६, पॉवर्स ६. हाऊसच्या दुसऱ्या अंकात मोयरा या पात्राबद्दल जे उघड होतं, त्याशिवाय पॉवर्समधले चार काळ जुळत नाहीत: वर्ष पहिलं, दहावं, शंभरावं आणि हजारावं. पानावर एक्सच्या डोक्यावर छोटा ०, १, २ किंवा ३ दिसतो, तो याच काळाची खूण. तो आकडा बघितल्याशिवाय पान वाचायला घेऊ नका.

मध्येच पांढऱ्या पानांवर तक्ते, नकाशे, टिपणं येतात. टॉम मुलरने रचलेली ही पानं परिशिष्ट समजून पुष्कळजण उलटून टाकतात. अर्धी कथा तिथे आहे. एक्स-मेनचं नवं घर असलेल्या क्राकोआ बेटावरची फुलं कोणती आणि कशासाठी, हे एखाद्या चौकटीत कोणी बोलून दाखवायच्या आधी त्या पानावर येऊन गेलेलं असतं.

क्राकोआचा काळ २०२४च्या जूनपर्यंत चालला आणि त्यात डझनावारी मालिका निघाल्या. सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका. आधी हिकमनचीच रेघ धरा: हे बारा अंक, २०१९च्या 'एक्स-मेन'चे २१ आणि 'इन्फर्नो'चे ४, एकूण ३७. पुढची भूक असेल तर कीरन गिलनचं 'इम्मॉर्टल एक्स-मेन', १८ अंक. या काळातलं सर्वांत उत्तम लेखन तेच, हिकमनच्याही वरचढ, कारण हिकमनने व्यवस्था उभी केली आणि गिलनने त्या व्यवस्थेतल्या माणसांना आवाज दिला.

चित्रं अचानक बदलली, म्हणून मालिका सोडू नका

'अॅब्सोल्यूट बॅटमॅन'च्या पहिल्या तीन अंकांत ड्रॅगोटाचा अवाढव्य बॅटमॅन बघायची सवय होते. छातीवरचं चिन्ह उपसून कुऱ्हाड म्हणून वापरणारा हा ब्रूस श्रीमंत नाही, शहरासाठी काम करणारा इंजिनिअर आहे, आणि त्याची आई जिवंत आहे. मग चौथ्या अंकात गाब्रिएल एर्नांदेझ वाल्ता येतो, सातव्या-आठव्यात मार्कोस मार्तीन. लगेच 'दर्जा घसरला' अशी ओरड होते. महिन्याला वीस पानं म्हणजे सुट्ट्या वगळून रोज एक पूर्ण पान. ड्रॅगोटासारखं भरगच्च काम त्या वेगाने सलग होत नाही. तेव्हा संपादक दोन पर्याय बघतात: अंक उशिरा काढायचा, किंवा मधली छोटी कथा पाहुण्या चित्रकाराला द्यायची. इथे दुसरा पर्याय नीट वापरलाय. मिस्टर फ्रीझची थंड, मोकळी जागा मार्तीनच्या हाताला जास्त शोभते. 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'च्या चौथ्या अंकातही तेच झालं. डेव्हिड मेसिनाने काढलेला तो अंक बहुतेक जेवणाच्या टेबलाभोवतीच्या गप्पांचा आहे, मारामारीसाठी उतावीळ असलेल्यांनी तो नाकारला, आणि पीटर आणि हॅरीचं नातं नेमकं तिथेच बसतं.

हाच मुद्दा श्रेयाचा. 'लेखकाने कमाल केली' म्हणताना पानावरची इतर नावंही वाचा. 'अॅब्सोल्यूट वंडर वुमन' केली थॉम्पसन लिहिते, पण नरकात वाढलेल्या डायनाचा तो अंगावर येणारा पसारा हेडन शर्मनच्या चौकटींचा आणि जॉर्डी बेलेअरच्या रंगांचा आहे. 'अॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर'मध्ये तर डेनिझ कँपचे संवाद कमी आणि हावियर रॉद्रिगेझचे रंग जास्त बोलतात. सध्याच्या मालिकांत एकच घ्यायची असेल तर ती घ्या.

मोबाईलवर वाचताना

अॅपमध्ये एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते. ती चालू ठेवून 'नाइटविंग'चा ८७वा अंक वाचला तर तो अंक वाचलाच नाही असं समजा. टॉम टेलर आणि ब्रूनो रेडोंडो यांनी हा अख्खा अंक एकच सलग चित्र म्हणून रचला. पळवलेल्या कुत्रीमागे धावणारा डिक, म्हणजे नाइटविंग, एकाच पार्श्वभूमीवर पुन्हा पुन्हा दिसतो, आणि एका पानाची उजवी कड पुढच्या पानाच्या डाव्या कडेला जुळते. चौकटवार दृश्य बंद करा, पडदा आडवा धरा, दोन पानांचं दृश्य निवडा. टॅब्लेट मिळाला तर उत्तम.

मार्व्हल अनलिमिटेडवर नवे अंक छापील अंकानंतर तीन महिन्यांनी येतात. मालिका रखडलीय असं समजून वर्गणी बंद करण्याआधी छापील अंकाची तारीख तपासा. डीसीच्या स्वस्त कॉम्पॅक्ट आवृत्त्या साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या असतात, नेहमीचा अंक साधारण ६.६ बाय १०.२. संवाद दाट असलेली कथा या छोट्या आकारात घेऊ नका, डोळ्यांना त्रास होतो.

आता लेखक बदलल्यावर काय करायचं ते. 'नाइटविंग'मध्ये टेलरची कारकीर्द ७८ ते ११८ अशी आहे. ११९ पासून डॅन वॉटर्स आणि डेक्स्टर सॉय आले आणि सूर गडद झाला. टेलरचा हसरा डिक हवा असणाऱ्यांनी ११८ला थांबावं, आणि गुन्हेगारीकथा आवडणाऱ्यांनी ११९ पासून नव्याने सुरू करावं, मागचं काही न वाचता. नवा लेखक पारखायला पहिला अंक पुरत नाही, तो बहुतेक मांडामांडीत जातो. तीन अंक द्या. तिसऱ्या अंकापर्यंत नायकाला स्वतःचा नवा प्रश्न पडला नसेल, आणि लेखक अजून मागच्या लेखकाचीच उष्टी काढत असेल, तर चौथा अंक मागवू नका.