कोरा राहिलेला रकाना : सर्पदंशावर रिव्ह्यू करताना शिकलेलं

एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, म्हणजे बॉण्डच्या वर्षी मी कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी गवत कापायला गेलेली एक बाई आली. पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त, आणि नवऱ्याच्या हातातल्या पिशवीत ठेचलेलं फुरसं. आम्ही नेहमीचं सगळं केलं. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेतलं, नळी वीस मिनिटं टेबलावर तशीच राहू दिली, मग तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. आधी रिॲक्शन येऊ नये म्हणून हायड्रोकॉर्ट (हायड्रोकॉर्टिसोन, एक स्टेरॉइड) आणि एव्हिल (ॲलर्जीवरचं औषध) दिलं, मग एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या प्रतिविषाच्या, दहा वायल्स (कुप्या) लावल्या. सीनियरनी असंच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या सीनियरनी. चौथ्या दिवशी ती घरी गेली आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात मी ‘बरी’ असं लिहिलं.

जानेवारीत ती धाकट्याला लस द्यायला घेऊन आली तेव्हा लंगडत होती. चालून आलं की पाय सुजतो, उकिडवं बसता येत नाही, यंदा काजूच्या कामाला जाववणार नाही, असं तिने मी विचारल्यावर सांगितलं. आधी का नाही आलीस म्हटलं, तर म्हणाली, “तुम्हीच बरी झालीस म्हणून सोडलंत ना.”

पुढे पीएसएममध्ये (सामाजिक आरोग्याच्या विषयात) एमडीला आले तेव्हा तो रकाना डोक्यात होता. थिसिसचा विषय वेगळा होता. सर्पदंशावरचा हा रिव्ह्यू, म्हणजे आधी झालेले अभ्यास शोधून, तपासून एकत्र मांडणं, मी आणि माझी ज्युनिअर अशा दोघींनी गाइड मॅडमच्या देखरेखीखाली जोडीला केला. ज्यांना पहिल्यांदाच असं काम करायचंय, मग तुम्ही एमबीबीएस झालेले असा, नर्सिंगचे, फिजिओथेरपीचे किंवा आयुर्वेदाचे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पद्धत सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. मला सांगायचंय ते काम करताना हाताला काय लागतं ते.

मॅडमनी पहिला महिना मला काही शोधूच दिलं नाही. “आधी दुसऱ्यांचे रिव्ह्यू वाच,” म्हणाल्या. त्या वाचनात मला माझ्याच हायड्रोकॉर्ट-एव्हिलची गोष्ट सापडली. एएसव्हीची रिॲक्शन टाळायला आधी काय द्यावं, हा प्रश्न घेऊन श्रीलंकेत एक मोठा प्रयोग झाला होता. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १००७ रुग्ण, आणि वापरलेलं एएसव्ही आपल्याकडेच बनलेलं. ॲड्रिनलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन अशी तीन औषधं, त्यांच्या सगळ्या जोड्या आणि प्लासिबो (औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन), असे आठ गट. एएसव्हीच्या आधी त्वचेखाली दिलेल्या अगदी कमी मात्रेतल्या ॲड्रिनलिनने पहिल्या तासातल्या गंभीर रिॲक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिनने फरक पडला नाही. उलट ॲड्रिनलिनच्या जोडीला हायड्रोकॉर्टिसोन दिलं की ॲड्रिनलिनचा फायदाही नाहीसा होत होता. एव्हिल म्हणजे प्रोमेथाझिन नव्हे, पण ॲलर्जीवरच्या औषधांचं घराणं तेच. मी ते पान तीनदा वाचलं. रिव्ह्यू म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं: आपण रोज विश्वासाने जे करतो ते कुणी तपासून पाहिलंय का, हे प्रामाणिकपणे शोधणं.

मग आपला प्रश्न ठरवायचा. माझा पहिला प्रश्न होता ‘भारतातील सर्पदंशाचे व्यवस्थापन’. मॅडमनी तो कागद परत केला. एवढ्या रुंद प्रश्नाला उत्तर नसतं, नुसता ढीग असतो. पंधरा दिवस घासाघीस करून तो असा झाला: भारत आणि शेजारच्या देशांत सर्पदंशातून वाचलेल्या माणसांना दवाखान्यातून घरी गेल्यावर काय त्रास होतात, आणि ते कोणी, कधी, कसे मोजलेत? प्रश्नात माणसं कोण, त्यांना झालं काय आणि आपण मोजणार काय, एवढं आलं की पुढचं प्रत्येक भांडण त्या एका वाक्याकडे बोट दाखवून मिटवता येतं. आणि भांडणं होतात. आधी प्रश्न आणि पद्धत लिहून काढा आणि मगच पेपर उघडा. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर ठरल्या पद्धतीने काढणारा, असेल तर तो प्रॉस्पेरो या नोंदवहीत फुकट नोंदवता येतो. आमचा स्कोपिंग रिव्ह्यू होता, म्हणजे कशावर किती काम झालंय आणि कुठे नाही हे मांडणारा. तिथे तशी नोंद होत नाही, म्हणून आम्ही आराखडा तारीख घालून दुसरीकडे जाहीर ठेवला. हे केलं नाही की सापडेल त्याप्रमाणे प्रश्न हळूच वाकवायचा मोह होतो. मला झाला होता.

पेपर शोधायला कोणते शब्द वापरायचे ते ठरवणं, या टप्प्याला बहुतेक जण एक दुपार देतात. आम्ही सहा आठवडे दिले आणि तरी कमीच पडले. ‘स्नेकबाइट’ एकत्र लिहिलेलं, ‘स्नेक बाइट’ तोडून लिहिलेलं, विषबाधेसाठीचे ‘एनव्हेनोमेशन’, ‘एनव्हेनोमिंग’, इथवर कोणीही पोचतं. कॉलेजच्या ग्रंथपालांनी विचारलं, “जुन्या भारतीय पेपरांत ऑफिटॉक्सीमिया म्हणायचे, तो घेतलात का?” घेतला नव्हता. घेतल्यावर असे पेपर वर आले जे आधी दिसलेच नव्हते. घोणसीचंही तेच. आज तिचं शास्त्रीय नाव दाबोइया रसेली, पण जुन्या पेपरांत ती व्हायपेरा रसेली आहे. जुनं नाव शोधात नसेल तर ते सगळं काम तुमच्यासाठी झालेलंच नसतं, आणि तुम्ही बिनदिक्कत लिहून मोकळे होता की या विषयावर अभ्यास नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी, छोट्या नियतकालिकात छापलेलं काम अशा वेळी सगळ्यात आधी निसटतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचं जे काम केलं ते जगभरच्या वाचनात आलं, कारण ते त्यांनी चिकाटीने नामांकित नियतकालिकांतून मांडलं. तशीच निरीक्षणं करणारे आणि एखाद्या जिल्हा शाखेच्या अंकात छापून थांबलेले डॉक्टर किती असतील! त्यांच्यापर्यंत पोचणं हे शोधणाऱ्याचं काम आहे. म्हणून सापडलेल्या प्रत्येक पेपराची संदर्भयादी हाताने चाळा. आमचे काही चांगले अभ्यास असेच मिळाले.

छाननीबद्दल थोडक्यात सांगते. शीर्षक आणि सारांश दोघींनी वेगवेगळे वाचायचे, एकमेकींचे निर्णय न बघता. रायन हे त्यासाठीचं साधन शिकायला दोन तास लागतात. संदर्भ झोटेरोत (संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवा. रोज ठरावीक पेपरच बघा, रात्री अकरानंतर अजिबात नको. थकलेला माणूस सगळंच वगळतो किंवा सगळंच घेतो.

फुल टेक्स्ट हातात आले की खरं काम सुरू होतं, आणि इथे मी सगळ्यात जास्त शिकले. एक उदाहरण देते. दोन हॉस्पिटलांचे पेपर शेजारी ठेवले. एकात मृत्यूचं प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट. माझ्या ज्युनिअरने लगेच तक्त्यात भरलं. नंतर मेथड्स वाचताना दिसलं की एकाने साप चावून आलेले सगळेच मोजले होते, विष न भिनलेलेसुद्धा. दुसऱ्याने फक्त विषबाधेची लक्षणं असलेले. छेद वेगळा, तर टक्केवारीची तुलना कसली करायची? तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: यांनी कोणाला मोजलं?

त्याच्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो: यांनी कोणाला मोजलंच नाही? भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंवर २०११ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात घरोघर जाऊन, घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण ठरवलं होतं. वर्षाला सुमारे ४६,००० मृत्यू निघाले, आणि त्यांतले फक्त २३ टक्के दवाखान्यात झालेले होते. पुढे २०२० मध्ये त्याच पद्धतीने २००० ते २०१९ या काळाचा हिशेब मांडला गेला तो बारा लाखांचा, वर्षाला सरासरी ५८,०००. आता विचार करा, आमच्या ढिगातले जवळजवळ सगळे पेपर हॉस्पिटलमधले. म्हणजे जे देवऋषाकडे गेले, जे वाटेत गेले, जे आलेच नाहीत, ते या पुराव्यात कुठेच नाहीत. पेपर कितीही नेटका असला तरी त्याच्या दाराशी न पोचलेली माणसं त्याला दिसत नाहीत. रिव्ह्यूत हे स्पष्ट लिहावं लागतं, तळटिपेत नव्हे.

त्या काचेच्या नळीचीही गोष्ट सांगते, कारण ती माझ्या हातातली होती. ही वीस मिनिटांची चाचणी स्वस्त, विजेशिवाय होणारी, आणि घोणस-फुरशाच्या दंशात एएसव्ही द्यायचं की नाही ते बरंचसं तिच्यावर ठरतं. श्रीलंकेतल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात रोजच्या वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या चाचणीने, रक्त गोठत नसलेल्या शंभरांतले सुमारे चाळीसच रुग्ण पकडले. प्रशिक्षित माणसांनी नीट केलेल्या चाचण्यांचे इतर अभ्यास याहून बरेच चांगले आकडे देतात. तुम्ही नुसते आकडे तक्त्यात भरलेत तर म्हणाल, अभ्यासांत एकवाक्यता नाही. चाचणी कोणी केली आणि नळी कसली होती हे वाचलंत तर चित्र उलगडतं. काचेला लागून रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर उत्तर चुकतं. आमच्या केंद्रात नळ्या धुऊन परत वापरायचो. कशाने धुतो हे मी त्या वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. ही खंत मला आजही आहे.

आता मुख्य गोष्ट. माहिती उतरवून घ्यायचा तक्ता करताना नवखा माणूस पेपरांत जे असतं त्याचे रकाने करतो. मॅडमनी उलट करायला लावलं. पेशंटला, घरच्यांना, आशाताईंना काय महत्त्वाचं वाटतं ते आधी लिही, त्याचे रकाने पाड, मग पेपर उघड. मी त्या बाईला आठवून लिहिलं: चालता येतं का, कामावर कधी परतली, किती मजुरी बुडाली, कर्ज झालं का, झोप लागते का, परत शेतात जायची भीती वाटते का, लघवी-किडनी कशी आहे, बाईची पाळी नीट येते का. शेवटचा प्रश्न वाचून ज्युनिअर बुचकळ्यात पडली. घोणसीच्या विषाने पिट्युटरी ग्रंथीला इजा होऊ शकते; थकवा, पाळी बंद होणं हे कधीकधी काही वर्षांनी ध्यानात येतं, आणि तोवर त्या दंशाशी त्याचा संबंध कोणीच लावत नाही.

मग एकेक पेपर घेऊन भरायला बसलो. वय, लिंग, कुठला साप, किती वायल्स, किती दिवस भरती, जगला की मेला, हे रकाने भराभर भरत गेले. उजवीकडचे बहुतेक कोरेच राहिले. घोणसीनंतरच्या किडनीवर काही काम होतं. मनावरच्या परिणामांचं श्रीलंकेतलं एक होतं: दंश झालेले ८८ जण आणि त्याच भागातले दंश न झालेले ८८. नैराश्याची लक्षणं पहिल्या गटात ५४ टक्के, दुसऱ्यात १५. एवढा फरक दिसूनही आपल्याकडच्या पेपरांत तो रकाना बहुतेक ठिकाणी कोराच. मजुरी किती बुडाली, हे तर शोधून शोधून थकलो.

पहिल्या मसुद्यात ते कोरे रकाने मी काढून टाकले होते, तक्ता बरा दिसावा म्हणून. मॅडमनी विचारलं, “तुझा निकाल कुठे गेला?” ते रकानेच निकाल होते. म्हणून सांगते, कोरा रकाना छापा, मोजा, किती पेपरांनी तो प्रश्न विचारलाच नाही ते आकड्यात लिहा.

मात्र लिहिताना शब्द जपून वापरा. ‘पुरावा सापडला नाही’ आणि ‘उपयोग होत नाही असा पुरावा सापडला’ ही दोन फार वेगळी वाक्यं आहेत. विषामुळे रक्त गोठेनासं होतं त्यावर एएसव्ही किती उपयोगी, यावरचा कोक्रेनचा (असे रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) २०१५ चा रिव्ह्यू निकषांत बसणारा एकही अभ्यास न मिळता संपला. त्यांना हवी होती एएसव्ही देऊन आणि न देता केलेली तुलना, आणि तसा यादृच्छिक प्रयोग कोणी केलेला नव्हता. विषबाधा झालेल्या माणसाला चिठ्ठी टाकून एएसव्हीवाचून ठेवायचं कोण धजेल? तो रिव्ह्यू वाचून ‘एएसव्ही निरुपयोगी’ असा मथळा कोणी दिला तर कुणाचा तरी जीव जाईल. आपण लिहिलेलं असंही वाचलं जाऊ शकतं, हे गृहीत धरूनच प्रत्येक वाक्य लिहा.

सगळं मिळून आम्हाला सव्वा वर्ष लागलं. कोणी तीन महिन्यांत होईल म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जोडीदार असा निवडा जो तुमच्याशी वाद घालेल. आणि विषय असा निवडा की ज्यातला एक तरी पेशंट तुम्हाला चेहऱ्यानिशी आठवतो. आठव्या महिन्यात काम रखडलं तेव्हा मला त्या लंगडत्या पायानेच उठवलं.

सध्या मी ज्या ग्रामीण रुग्णालयाबरोबर काम करते तिथे सर्पदंशाच्या डिस्चार्ज कार्डावर आम्ही तीन ओळी वाढवल्या आहेत: तीन महिन्यांनी क्रिॲटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), चालण्याची तपासणी, आणि ‘कामावर परतलात का, कधी?’ यादी आशाताईंकडे जाते, कारण पेशंट आपणहून परत येत नाही हे आता कळलंय. नळ्या नव्या काचेच्या येतात आणि वापरून टाकून दिल्या जातात. भातकापणी संपली की पहिली यादी घेऊन घरोघरी निघायचंय, आणि तिसऱ्या ओळीपुढची जागा सिस्टरांनी मुद्दाम मोठी सोडली आहे.