जुन्या आयडीई हार्ड डिस्कमधला डेटा: आधी कॉपी, मग तपासणी

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डीटीपीच्या (संगणकावर पानं जुळवण्याच्या) पीसीत बहुधा 20 किंवा 40 जीबीची आयडीई (रुंद पट्टीच्या केबलने जोडायची जुन्या पद्धतीची) हार्ड डिस्क सापडते. कित्येक पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या मूळ फाइली फक्त तिच्यातच असतात. डिस्क सुरू झाली की पुष्कळ जण लगेच चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) लावतात. ते करू नका. चेकडिस्क दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहीत राहते, आणि हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) कमजोर झालेलं असेल तर त्या दोन-तीन तासांतच डिस्क कायमची बसते.

बंद पडून असलेल्या मशीनचा एसएमपीएसही (वीजपुरवठ्याचा डबा) तितकाच जुना, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. 12 व्होल्ट घसरले की मोटरला वेग मिळत नाही आणि धडधाकट डिस्कसुद्धा टकटकते. डिस्क बाहेर काढा आणि आयडीई-यूएसबी अडॅप्टरला जोडा. साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या 5 व्होल्टवर फिरत नाही. 12 व्होल्टला किमान 2 अँपियर देणारा वेगळा पुरवठा लागतोच. मल्टिमीटरने पिवळी आणि काळी तार मोजा: 11.4 ते 12.6 व्होल्ट हवेत. लाल-काळीवर 4.75 ते 5.25. जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा (काहींना एकटीसाठी वेगळी जागा असते, लेबलवरचा तक्ता बघा). माळ्यावर पावसाळा काढलेली डिस्क असेल तर आधी दिवसभर कोरड्या खोलीत राहू द्या.

आता कान द्या. घरघर चढत जाऊन एकसारखी झाली, मग दोन-चार हलके टिकटिक, की ठीक. एकाच लयीत टक्… टक्… येत राहिलं तर हेडला ट्रॅक सापडत नाहीये. वीज लगेच तोडा, कारण प्रत्येक टक्‌सरशी प्लॅटर (डेटा साठवणारी फिरती तबकडी) ओरबाडली जाऊ शकते. नुसती बारीक गुणगुण आणि फिरणं नाही, तर हेड प्लॅटरला चिकटलेलं असू शकतं. झाकण मात्र कधीही उघडू नका. हेड आणि प्लॅटरमधल्या फटीपेक्षा धुळीचा कण कितीतरी मोठा असतो. डेटा मोलाचा असेल तर इथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

डिस्क नीट फिरतेय? विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं तर नाही म्हणा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यातल्या फाइली न उघडता) जीएनयू डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, घ्या. पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने: जे सहज वाचता येतं ते आधी हाती लागतं, हट्टी सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) मागे राहतात. मग त्यांच्यासाठी तीन प्रयत्नांची फेरी. मॅपफाइल (कुठपर्यंत कॉपी झाली याची नोंद) द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. डिस्कवर पंख्याचा वारा सोडा.

इमेज हातात आल्यावरच स्मार्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद) बघा. काही अडॅप्टर ती माहिती पुढे देत नाहीत, मग मदरबोर्डला जोडावं लागतं. त्यातल्या 05 (बदली दिलेले खराब सेक्टर) आणि सी5 (वाचता न आलेले संशयित सेक्टर) या ओळींचे कच्चे आकडे शून्य असावेत. सी5 वाढत असेल तर ती डिस्क पुन्हा वापरायची नाही. फक्त सी7 (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, ती बदलून 80 तारांची लावा.

इमेजमधून फाइली काढताना केवळ डी ड्राइव्ह उचलू नका. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला जुना मजकूर युनिकोड (आजची सर्वत्र चालणारी लिपी-पद्धत) नसतो; मूळ फॉन्ट नसेल तर पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. सी ड्राइव्हमधलं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर आणि असल्यास पीएसफॉन्ट्स (छपाईच्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचं फोल्डर), दोन्ही घ्या. पीसीच्या मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीला) हार्डवेअर लॉक, म्हणजे सॉफ्टवेअर चालवायला लागणारी छोटी डबी, लावलेलं असेल तर तेही काढून जपून ठेवा.