गुरुवारी जन्मलेल्या मुलीचे अकान नाव ‘या’ : अर्थ आणि वापर

घानातील अकान समाजात मूल कोणत्या वारी जन्मले यावरून त्याचे एक नाव आपोआप ठरते, त्यामुळे मुलीला असे नाव द्यायचे असो की एखाद्या घानाच्या विद्यार्थिनीचे नाव समजून घ्यायचे असो, आधी जन्मतारखेचा वार पाहावा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा वस्त्यांतून रोज ये-जा करणाऱ्या नागपूरकरांना वारावरून पडलेल्या नावांचे नवल वाटू नये. सोमवारची मुलगी अद्वोआ, मंगळवारची अबेना, बुधवारची अकुआ, गुरुवारची ‘या’, शुक्रवारची अफुआ, शनिवारची आमा आणि रविवारची अकोसुआ. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला तो १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस रविवार होता, म्हणजे त्या दिवशी जन्मलेली मुलगी अकोसुआ ठरेल. २६ जानेवारी १९५० ला गुरुवार होता, म्हणून त्या दिवशीची मुलगी ‘या’.

‘या’ नावाला मोठा मान आहे. अकानांपैकी असांती लोक पृथ्वीदेवतेला ‘असासे या’ म्हणतात, तिचा वार गुरुवार मानतात आणि त्या दिवशी जमीन न खणण्याची प्रथा त्यांच्यात आहे. अकानांतलेच फांती लोक मात्र पृथ्वीला शुक्रवारची समजून ‘असासे एफुआ’ म्हणतात, आणि गुरुवारच्या मुलीला त्यांच्याकडे ‘अबा’ हे नाव आहे. तेव्हा कुटुंब कोणत्या भागातले आहे हे विचारून घेतलेले बरे. असांती प्रदेशातील एजिसूच्या राजमाता ‘या असान्तेवा’ यांनी १९०० मध्ये सुवर्णासनाच्या, म्हणजे असांतींच्या पवित्र राजचिन्हाच्या, रक्षणासाठी इंग्रजांविरुद्ध युद्धाचे नेतृत्व केले आणि सेशेल्स बेटांवर हद्दपारीतच त्यांचा मृत्यू झाला.

वाराच्या नावापुढे दुसरे नाव येते, ते परंपरेने वडील ठेवतात आणि बहुधा घराण्यातील एखाद्या आदरणीय व्यक्तीवरून घेतात. देवनागरीत नुसते ‘या’ लिहिले तर वाचणारा सर्वनाम समजून पुढे जाईल, म्हणून दोन्ही नावे सोबत लिहावीत. पासपोर्टवर इंग्रजीत मात्र ‘वाय’नंतर दोनदा ‘ए’ आहे ना, हे तपासावे. मंगळवारी जन्मलेल्या मुलीला केवळ कानाला गोड लागते म्हणून हे नाव ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नाव ऐकताच घानाचा माणूस तिला गुरुवारचीच समजेल. वयाने मोठ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारू नये. ‘आंटी या’ किंवा ‘मामे या’ (मामे म्हणजे आई) म्हणावे, आणि आजीच्या वयाच्या असतील तर ‘नाना’ म्हणावे; अकान भाषेत हा शब्द आजीलाही लागतो.