ईव्ही चार्जर दुपारी 'अर्थ फॉल्ट' दाखवतो: माझा अनुभव

रत्नागिरीजवळ गाड्यांच्या शोरूममध्ये मेंटेनन्स बघतो. डिलिव्हरीच्या गाड्यांसाठी ७.४ किलोवॅटचा, ३२ अँपिअरचा चार्जर लावला. पावसाळ्यात बिनतक्रार चालला. मार्च उजाडला आणि दुपारी गाडी लावली की दोन मिनिटांत लाल दिवा, अर्थ फॉल्ट, म्हणजे अर्थिंगमध्ये दोष. सकाळी मात्र साहेब अगदी शहाणे!

आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बदलला, केबल बदलली, चार्जरचं कार्डही बदलून झालं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं तर दोन दिवस आराम, पुन्हा तेच. महिना गेला, डोकं उठलं.

दोष जमिनीत होता. खड्डा जांभ्या दगडात खणलेला. जांभा सुकला की वीज जमिनीत नीट उतरत नाही.

आधी चार्ज चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावला: १८ व्होल्ट. मग मेन बंद करून, अर्थची तार सोडवून अर्थ टेस्टरने जमिनीचा रोध मोजला: ४२ ओहम. दोन्ही आकडे फार जास्त. विहिरीकडच्या सखल, मातीच्या जागेत दोन नवे खड्डे घेतले, एकमेकांपासून ६ मीटरवर (रॉडच्या लांबीच्या दुप्पट). प्रत्येकात ३ मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) कालवून भरलं. दोन्ही तांब्याच्या पट्टीने जोडले. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी खाऱ्या हवेत सडते, आमची जुनी हाताने मोडली. शेवटी जुना खड्डाही त्यालाच जोडला.

आता ३.८ ओहम, दीड व्होल्ट. मे महिन्यात भर दुपारी सलग चार गाड्या चार्ज केल्या, एकदाही ट्रिप नाही.