हायपोत लेमनचा वास घातला, पण क्लोरीन उरलं का? तपासायचं कसं

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिना पुसायच्या हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनवालं जंतुनाशक) वास कोणालाच सहन होईना, म्हणून कमिटीनं लेमनवाला, फेस येणारा आणला. सगळे खूश, पण महिन्याभरात झाडूपोछावाल्या मावशींच्या बोटांची सालं निघायला लागली आणि मला शंका आली की यात क्लोरीन तरी किती उरलंय. वासावरून काही कळत नाही हो, लेमनच्या वासाखाली क्लोरीनचा वास दबतो. आणि सुगंध, साबण असले पदार्थ हळूहळू क्लोरीन खातातच, त्यात ऊन लागलं की अजून लवकर.

साहित्य: बुरेट (थेंब थेंब सोडायची, मिलीच्या खुणा असलेली तोटीवाली नळी), पिपेट (नेमकं मोजून घ्यायची नळी), डिस्टिल्ड वॉटर, पोटॅशियम आयोडाइड, ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, स्टार्चचं द्रावण, पांढरं व्हिनेगर. बुरेट नसेल तर लॅबमध्ये काम करणाऱ्या ओळखीच्या कोणाकडून तरी मागून आणा.

१० मिली हायपो डिस्टिल्डनं १०० मिली करा, त्यातलं १० मिली फ्लास्कमध्ये घ्या, म्हणजे मूळ हायपो १ मिली झाला. आधी १ ग्रॅम आयोडाइड घाला, मग १० मिली व्हिनेगर. हा क्रम चुकवू नका, आयोडाइडच्या आधी आम्ल पडलं तर क्लोरीन गॅस होऊन उडून जातं, तुमच्या नाकात जातं आणि रीडिंगही कमी येतं. खिडकी उघडी ठेवा. आता चहासारखा रंग येईल, बुरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडत फिकट पिवळा झाला की स्टार्च घाला, निळा होईल, तो निळा गेला की थांबा. बुरेटमधून गेलेले मिली गुणिले ०.३५४५ म्हणजे क्लोरीनचे टक्के. ५ टक्क्यांच्या मालाला साधारण १४ मिली लागतात.

एकदा मोजून काही कळणार नाही. साधा आणि सुगंधी, दोन्हीच्या अपारदर्शक बाटल्या एकाच कपाटात ठेवा आणि दर आठवड्याला मोजा, साधा नसेल तर तुलना कसली.

जंतू मरतात का ते बघायला डिप स्लाइड (जंतू वाढले की ठिपके दिसतात अशी जेलीची पट्टी) घ्या, उरलेलं क्लोरीन निकामी करणाऱ्या न्यूट्रलायझरवालीच. एकाच मळक्या फरशीचा अर्धा भाग पातळ केलेल्या हायपोनं पुसा, १० मिनिटं ओलीच राहू द्या, मग दोन्ही भागांवर एकेक स्लाइड दाबा आणि ३० ते ३५ डिग्रीला ४८ तास ठेवा (पुण्याच्या मे महिन्यात वेगळं इनक्युबेटर लागत नाही). टाकताना स्लाइड हायपोत बुडवून मगच टाका.

आता त्वचा. मूळ हायपो अंगावर लावून बघू नका, त्याचा पीएच ११ च्या वर असतो, भाजतं. पुसायला जेवढा पातळ करता तेवढाच, मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब, १० मिनिटं उघडाच, वर बँडेज नको, मग धुवा. आग झाली की तिथेच बंद. पण सुगंधाची अ‍ॅलर्जी दोन-तीन दिवसांनीही उठते, म्हणून ४८ आणि ७२ तासांनी परत बघा. मुलांवर, एक्झिमावाल्यांवर हा प्रयोग नाही. आणि सालं आधीच निघत असतील तर टेस्ट कसली, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे.

आमच्या लेमनवाल्याला महिन्यानं ९.५ मिलीच लागले, म्हणजे ३.४ टक्के. ०.१ टक्क्याच्या बादलीला लिटरमागे २० च्या जागी ३० मिली घालावं लागेल, म्हणजे सुगंधही दीडपट, म्हणून आम्ही परत साध्यावर आलो आणि मावशींना लांब बाह्यांचे रबरी ग्लोव्हज आणून दिले.